औषधाची नज्म आणि अब्बांचा पाय

पाथर्डीच्या बाजारात मी एका औषधाच्या दुकानात काम करते. बी.फार्म. झाल्यापासून गेली अकरा वर्षं याच काउंटरवर उभी आहे. मागच्या महिन्यात ओळखीतले एक चाचा आले. पिशवीतून शुगरच्या गोळ्यांच्या न फोडलेल्या तीन स्ट्रिप काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या.

“बेटी, ये गोल्याँ वापस ले. अब जरूरत नईं.”

“क्यूं चाचा, डाक्टरने बंद कर्‍या क्या?”

चाचांनी मोबाईल काढला आणि मला एक व्हिडिओ दाखवला. मागे हिरव्या गालिचाचा फोटो, संथ आवाजात म्हटलेली एक उर्दू नज्म. एकेका दुखण्याला एकेक खाण्याची वस्तू. पोट बिघडलं तर हे, खोकला झाला तर ते, अशक्तपणा आला तर अमुक. नज्म संपल्यावर कुणीतरी स्वतःच्या पदरचं दोन मिनिटं बोललं होतं: शुगरच्या गोळ्या हा कंपन्यांचा धंदा आहे, आपल्या बुजुर्गांनी सगळं सांगून ठेवलंय.

ती नज्म मी चाचांबरोबर शेवटपर्यंत म्हणू शकले असते, कारण ती मला लहानपणापासून पाठ आहे. आणि तिच्यामुळे नाही, पण तिच्या नावावर माझ्या अब्बांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली आहेत. म्हणून हा लेख लिहिते आहे.

ही नज्म मला दादीनं शिकवली. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्याजवळ होतं ते सगळं यमकात होतं. सर्दीचं, पोटदुखीचं, बाळंतिणीच्या खाण्याचं. कशानंतर काय खाऊ नये, याचंही यमक. ती उर्दू नज्म तिनं तरुणपणी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेली. आम्ही भावंडं रात्री तिच्या गोधडीत शिरून ती म्हणायचो. अब्बांना ती फार आवडायची. दादी गेल्यावर कधी ते उदास दिसले की मी दादीच्या आवाजात ती म्हणून दाखवायचे, आणि ते हसायचे.

अब्बांचं वेल्डिंगचं दुकान. शुगर निघाली तेव्हा ते पन्नाशीत होते. पहिली दोन वर्षं गोळ्या नीट घेतल्या. मग मोबाईलवर ती नज्म त्यांच्याकडे आली, तिच्या शेपटीला असंच कुणाचंतरी बोलणं चिकटवलेलं. अब्बांनी घरात कुणाला न सांगता गोळ्या थांबवल्या आणि सकाळी मेथीचं पाणी सुरू केलं. मी विचारलं की “ले रहा हूँ” म्हणायचे. मुलगी औषधाच्या दुकानात असून मी एकदाही स्ट्रिप मोजून पाहिली नाही. तीन-चार महिन्यांनी पायावर एक ठिणगी पडली. शुगरनं पाय बधिर झालेला, त्यामुळे त्यांना कळलंच नाही. मोज्याला वास यायला लागला तेव्हा अम्मीनं पाहिलं. नगरला नेईपर्यंत दोन बोटं काळी पडली होती.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. दादीची नज्म खोटी होती का?

उत्तर शोधायला म्हणून मी वाचायला लागले. जे सापडलं त्यानं माझा राग कमी झाला, पण वेगळ्या जागी वळला.

पहिली गोष्ट म्हणजे औषध आणि कविता यांची जोडी मोबाईलनं लावलेली नाही, ती फार जुनी आहे. इब्न सिनाचं ‘अल-कानून’ आपल्याला ऐकून माहीत असतं. पण त्याच इब्न सिनानं (980–1037) वैद्यकावर एक अरबी कविताही लिहिली, ‘उर्जूजा’. तेराशेहून अधिक ओळींची. इब्न रुश्दनं तिच्यावर भाष्य लिहिलं, पुढे तिचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपातले वैद्यकाचे विद्यार्थी ती शिकले. इटलीतल्या सालेर्नोच्या वैद्यकशाळेच्या नावानं आरोग्याचे नियम सांगणारी एक लॅटिन कविता मध्ययुगात अख्ख्या युरोपात पाठ केली जायची. 16व्या शतकात हेरातकडच्या यूसुफी नावाच्या हकिमानं फारसी पद्यात रोग आणि उपचार सांगितले. बाबर-हुमायूनच्या दरबाराशी त्याचा संबंध होता. आपल्याकडे आयुर्वेदाचे बहुतेक मोठे ग्रंथ मुळात श्लोकांतच आहेत.

कारण साधं होतं. पुस्तक हातानं नकलून घ्यावं लागे, कागद महाग, दिवा महाग. यमक आणि वृत्त असलं की माणूस विसरत नाही, आणि एखादा शब्द चुकला तर ओळ अडखळते, चूक लगेच कानाला कळते. पद्य ही त्या काळची मेमरी कार्ड होती.

दुसरी गोष्ट आपल्या अगदी जवळची. लोलिंबराज हे नाव शाळेत कुणी आपल्याला सांगत नाही. 16व्या-17व्या शतकातला हा जुन्नरचा कवी आणि वैद्य. त्याचा ‘वैद्यजीवन’ हा संस्कृत ग्रंथ छोटा आहे, पाच विलासांचा, पण शेकडो वर्षं वैद्य तो पाठ करत आले. त्याची गंमत अशी की ज्वर, अतिसार, खोकला यांचे काढे तो आपल्या प्रियेला उद्देशून सांगतो. औषधाच्या यादीत मधेच तिच्या डोळ्यांचं कौतुक. ही प्रिया म्हणजे त्याची बायको रत्नकला. आणि परंपरेनं चालत आलेली आख्यायिका सांगते की ती जुन्नरच्या एका मुसलमान अधिकाऱ्याची मुलगी होती. लग्नानंतर तिचं नाव रत्नकला झालं. ती गेल्यावर तो वणीच्या सप्तशृंगीच्या चरणी गेला, असं म्हणतात.

आख्यायिका ही आख्यायिकाच. तिच्यात बाईचं नाव बदललं जातं हेही मला टोचतं. पण ज्या महाराष्ट्रानं ही गोष्ट एवढी वर्षं सांभाळली, त्याला वैद्याची सगळ्यात आवडती श्रोती मुसलमान घरातली असण्यात काही वावगं वाटलं नव्हतं, एवढं तरी तिच्यातून दिसतं.

आणि ही फक्त गोष्टीतली बाब नाही. आपलं नगर निजामशाहीची राजधानी होतं. बुऱ्हाण निजामशहासाठी रुस्तम जुर्जानी या हकिमानं ‘जखीरा-ए-निजामशाही’ हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला. इतिहासकार म्हणून आपण ज्याला ओळखतो तो फरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर इराणातून नगरला आला, इथंच वाढला आणि 1589 मध्ये विजापूरला गेला. त्याचा इतिहास सगळे वाचतात; पण त्यानं ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ नावाचा वैद्यकाचा ग्रंथही लिहिला, तो मुद्दाम हिंदुस्थानी वैद्यकावर, फारसीत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की या मुलखाची हवा आणि माणसांची प्रकृती वेगळी आहे, तेव्हा इथल्या वैद्यांकडून शिकलं पाहिजे. इराणात जन्मलेला मुसलमान चरक-सुश्रुतांच्या परंपरेपुढे विद्यार्थी म्हणून बसला आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद. ‘योगसंग्राम’ मराठी ओव्यांत लिहिणारे हे सूफी संत. त्यांनी ‘पवनविजय’मध्ये श्वासाचा विचार मांडला, तोही मराठीत.

ज्या तालुक्यात 2025 साली मढीच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू देऊ नयेत असा ठराव ग्रामसभेत झाला आणि त्यावरून वाद पेटला, त्या तालुक्यात बसून मला ही माणसं फार आठवतात. त्याच मढीच्या कानिफनाथांना आपल्यातली माणसं शाह रमजान म्हणत आली आहेत. विद्या कुणाच्या घरातून आली हे न विचारणारी ती माणसं होती. म्हणून ‘मुसलमानी औषध’ आणि ‘हिंदूंचं औषध’ असं कुणी म्हणायला लागलं की, ते आपलं असो वा त्यांचं, त्याला नगरचा इतिहास ठाऊक नाही असं समजावं.

मग दादीची नज्म खोटी नव्हती तर चुकलं कुठं? मला तीन जागा दिसतात.

पहिली: ही पद्यं लिहिली कुणासाठी होती? इब्न सिनाची कविता आणि लोलिंबराजाचे श्लोक शिकणाऱ्यांसाठी होते. विद्यार्थी आधी श्लोक पाठ करी, मग वर्षानुवर्षं उस्तादाजवळ किंवा गुरूजवळ बसून नाडी बघायला, जीभ बघायला शिके. श्लोक ही परीक्षेच्या आदल्या रात्रीची टिपणं म्हणा. आपण टिपणं घेतली आणि उस्तादाला सोडून दिलं. माझ्या फार्मसीच्या वहीत औषधांची नावं लक्षात ठेवायला मी केलेली यमकं आहेत. त्या यमकांवरून कुणी स्वतःला इंजेक्शन टोचलं तर?

दुसरी: अट. दादीच्या त्या नज्मेचा मूळ आशयच असा आहे की जोवर खाण्यापिण्यानं भागतंय तोवर औषधाच्या मागे लागू नये. मला यात चूक काढता येत नाही. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्यांना मीही रोज हेच सांगते. पण त्यात एक ‘जोवर’ आहे. लोलिंबराजाचा पथ्याचं महत्त्व सांगणारा श्लोक आजही आयुर्वेदाचे विद्यार्थी म्हणतात. पण त्याच ग्रंथात पानोपानी औषधं आहेत, हे तो एकटा श्लोक फॉरवर्ड करणारा सांगत नाही. यमक लक्षात राहतं, अट गळून पडते. अब्बांच्या मोबाईलवर जे आलं त्यात ‘जोवर’ राहिलाच नव्हता.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: तारीख. पद्याचा जो गुण तोच त्याचा दोष. शब्द हलवला की वृत्त मोडतं, म्हणून चुकीचा शब्दही तिथंच चिकटून राहतो. 16व्या शतकातल्या भावमिश्राचं उदाहरण घ्या. युरोपातून आलेला फिरंगरोग जुन्या कुठल्याच संहितेत नव्हता. ‘जे पूर्वजांनी सांगितलं नाही ते नाहीच’ असं भावमिश्र म्हणाला नाही. त्यानं ‘भावप्रकाश’मध्ये नवा रोग नोंदवला, आणि चीनकडून आलेली चोपचिनी औषध म्हणून लिहिली. किती मोकळं डोकं! पण त्याच उपचारांत पाऱ्याचं औषधही आहे. पारा मूत्रपिंड आणि मज्जातंतूंची काय अवस्था करतो हे आज आपल्याला माहीत आहे. युनानी हकीम आणि युरोपातले डॉक्टर, दोघंही शेकडो वर्षं माणसांचं रक्त काढत राहिले. ती माणसं मूर्ख नव्हती, त्यांच्या काळात जेवढं कळणं शक्य होतं तेवढं त्यांना कळलं होतं.

शुगरचंच बघा. लघवी गोड होते हे आयुर्वेदालाही माहीत होतं आणि इब्न सिनालाही. निरीक्षण अचूक. पण 1922 मध्ये पहिल्यांदा इन्सुलिन माणसाला टोचलं गेलं, त्याआधी ज्या मुलाचं शरीर इन्सुलिन बनवत नव्हतं ते जगातल्या कुठल्याही श्लोकानं, शेरानं वाचलं नाही.

म्हणजे जुनं फेकून द्यायचं का? नाही. चीनच्या तू यूयू यांनी मलेरियावर औषध शोधताना जुनी पुस्तकं चाळली. चौथ्या शतकातल्या एका पुस्तकात त्यांना एका वनस्पतीचा उपाय दिसला, आणि ती उकळायची नाही ही बारीक खूण त्यावरून मिळाली. त्यांनी ते वाचून कुणाला फॉरवर्ड केलं नाही. अर्क काढला, प्राण्यांवर पाहिला, स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन निघालं आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जुन्या पुस्तकाचा आदर म्हणजे काय, तर हे. आपण करतो ती नुसती आठवण काढणं आहे.

आता नाजूक जागेवर येते. आपल्यात कुठल्याही नुस्ख्याला दीनचा शिक्का मारला की बोलणाऱ्याचं तोंड बंद होतं. “तू डाक्टर बडी के हमारे बुजुर्ग?” हे वाक्य मी काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी ऐकते. अशा वेळी मला इब्न खलदून आठवतो. 1377 साली ‘मुकद्दिमा’मध्ये त्यानं स्पष्ट लिहिलं की पैगंबर आपल्याला शरीअत शिकवायला आले, वैद्यक शिकवायला नाही, त्या काळच्या उपायांच्या ज्या नोंदी आहेत त्या अरबांच्या वाळवंटी अनुभवातल्या आहेत, वहीचा भाग नाहीत. साडेसहाशे वर्षांपूर्वी हे म्हणणारा माणूस आलिम आणि काजी होता. खजुराच्या परागीकरणाची हदीस तर तुम्ही मदरशात ऐकलीच असेल: दुनियेच्या कामातलं तुम्हाला जास्त कळतं. आणि साद बिन अबी वक्कास आजारी पडले तेव्हा हुजूर (स.) यांनी त्यांना हारिस बिन कलदा या वैद्याकडे जायला सांगितलं, असं अबू दाऊदमध्ये आहे. दुआ केली, आणि वैद्याकडेही पाठवलं. मग आपण दोन्हींत भांडण का लावतो?

याला उलट उत्तरही आहे, आणि ते मला रोज ऐकायला मिळतं. डॉक्टर महाग. मोठी तपासणी करायची तर पन्नासेक किलोमीटरवर नगर गाठायचं, एक रोज बुडवायचा. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सहा महिने फडावर. तिथं गोळ्या संपल्या तर संपल्या. आणि डॉक्टर बोलतो किती? दोन मिनिटं, अर्धं इंग्रजीत. गोळी जन्मभर का घ्यायची हे अब्बांना कुणीही नीट समजावून सांगितलं नव्हतं. मीही नाही. नज्म मात्र त्यांच्याशी त्यांच्या भाषेत, त्यांच्या आईच्या सुरात बोलली. माणूस ज्याचं बोलणं समजतं त्याच्यावर विश्वास ठेवतो, यात अब्बांचा एकट्याचा दोष नाही. आपण नज्मेला हसतो, पण तिच्या जागी ठेवायला आपल्याजवळ त्यांच्या भाषेतलं काहीच नसतं.

हा विश्वास मिळवता येतो, याची दोन उदाहरणं आपल्याच राज्यातली आहेत, एकाच वर्षातली. 1897 मध्ये मुंबईत प्लेग पेटला होता. हाफकिननं लस तयार केली, लोक घाबरत होते. तिसरे आगाखान तेव्हा विशीतही पुरते पोहोचले नव्हते. त्यांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली आणि पुढे हाफकिनच्या प्रयोगशाळेला आपली खुशरू लॉज ही वास्तू वापरायला दिली. त्यांच्या जमातीतल्या हजारोंनी मग लस घेतली. त्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याकडच्या वस्तीतल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात पोहोचवलं. त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. सावित्रीबाई कवयित्री होत्या. ‘काव्यफुले’ 1854 मध्येच छापून आलं होतं. कवितेची ताकद त्यांच्याइतकी कुणाला माहीत असणार? पण मूल आजारी पडलं तेव्हा त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं.

म्हणून माझं तुमच्याकडे, माझ्यापेक्षा तरुण असलेल्या वाचकांकडे मागणं आहे. घरातल्या मोठ्यांच्या हातातला मोबाईल हिसकावून “ये सब झूठ है” म्हणू नका. तसं म्हटलं की ते आपल्याशी बोलणं बंद करतात आणि गोळ्यांबद्दल खोटं बोलायला लागतात. मी ते भोगलंय. त्यांच्याजवळ बसा, ती नज्म पूर्ण ऐका, दादी-नानीची यमकं लिहून ठेवा. ती आपली दख्खनी आहे, आपण नाही जपली तर कोण जपेल? आणि मग स्ट्रिप मोजा. दर महिन्याला. गोळ्या किती उरल्या हे यमकाला कळत नाही, ते आपल्याला बघावं लागतं.

आणि ज्यांना लिहिता येतं त्यांनी नवी यमकं करावीत. जुन्या हकिमांनी त्यांच्या काळातलं सगळ्यात चांगलं ज्ञान पद्यात घातलं. आपल्या काळातलं आपण घालू. माझ्या भाचीनं, ती नववीत आहे, एक केलंय. वृत्तात बसत नसेल, पण आमच्या गल्लीतल्या चार घरांत आता ते चालतं:

“सोते वक्त पावाँ देखो,
जखम दिख्या तो डाक्टर देखो.”

रोज रात्री अब्बा पलंगावर बसून मोजा काढतात. उरलेली बोटं एकेक करून उजेडात बघतात. हे यमक म्हणतात, आणि मग कधी कधी दादीची नज्मही म्हणतात, पूर्ण, त्यातल्या ‘जोवर’वर जोर देऊन. त्या चाचांच्या स्ट्रिप मी परत घेतल्या नाहीत. दुकान बंद झाल्यावर त्यांना घरी घेऊन गेले आणि अब्बांसमोर बसवलं. बाकीचं अब्बांच्या पायानं सांगितलं.